छोट्या विमानाचे इंटिरियर नाशिकमध्ये: अंबडच्या एका सीट कारखान्याचे परीक्षण

बस आणि रुग्णवाहिकांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्याकडे विमानाचे काम द्यावे का, असे मला अलीकडे इतक्या जणांनी विचारले आहे की एकदा सविस्तर लिहून ठेवलेले बरे. शिवण, फोमची कापणी आणि पॅनल मढवणे ही कामे त्यांना निःशंकपणे द्यावीत. साहित्याची निवड, कागदपत्रे आणि कोणती गोष्ट कुठवर जाड चालेल याचा निर्णय मात्र स्वतःच्या हातात ठेवावा, असे माझे मत झाले आहे. अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याविषयी मी लिहितो आहे त्याच्या मालकांनी नाव छापू नका असे बजावले आहे, कारण वर्षाकाठी एखादे विमान आणि रोज दहा चौकशा हा व्यवहार त्यांना परवडणारा नाही. गाडीच्या सीटचे काम करणाऱ्या कुणालाही अंबडमध्ये विचारले तर पत्ता मिळेल.

विमान सेसना १८२ आहे, १९७०च्या दशकातले: चार आसने, वर पंख, २३० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन, आणि उड्डाणाच्या वेळी कमाल वजन २९५० पौंड, म्हणजे सुमारे १३३८ किलो. मालक तिघे, तिघेही नाशिकचे. विमान खानदेशातल्या एका धावपट्टीवर हँगरमध्ये असते आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. हे मॉडेल १९५६ पासून बनते आहे आणि अमेरिकेत आयडाहो, अलास्का अशा भागांत ते, तसेच शेपटीकडे चाक असलेली त्याची भावंडे १८० आणि १८५, डोंगरातल्या गवताळ पट्ट्यांवर आणि नदीकाठच्या खडीवर उतरवली जातात. आपल्याकडे तशी आडरानातली विमानविद्या नाही. पण जिथे इंधन नाही, सावली नाही, वाऱ्याबरोबर लाल धूळ येते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळे ओले असते, अशा धावपट्ट्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यामुळे आतून विमान कसे असावे या बाबतीत मी त्या डोंगरातल्या वैमानिकांच्या बाजूचा आहे. ते लोक गालिचा काढून टाकतात, मागची सीट एका हिसक्यात निघेल अशी ठेवतात आणि सामान बांधायच्या कड्या वाढवतात. आमच्या मालकांच्या डोळ्यांपुढे मात्र महागड्या मोटारीचे चित्र होते: चौकटीदार टाके, दारावर जाड गादी, पायाखाली लोकरीचा गालिचा. शेवटी जे तयार झाले ते या दोहोंच्या मधले आहे, आणि ते कुठे कुणाच्या बाजूला झुकले हे पुढे येईलच.

आतले काम निघण्याचे खरे कारण सौंदर्य नव्हते. त्या काळच्या सेसना विमानांत आतली बरीचशी आवरणे रॉयलाइट नावाच्या प्लास्टिकची असत; ऊन खाऊन ती पिवळी पडतात आणि स्क्रूच्या भोकांपासून तडकत जातात. वार्षिक तपासणीला पॅनल काढायचे म्हटले की दर वेळी एखादा तुकडा हातात यायचा. त्याहून वाईट गोष्ट आवरणांच्या मागे होती. पत्र्याच्या आतल्या बाजूला काचलोकरीचे जाड थर चिकटवलेले असतात आणि पुढच्या काचेच्या कडेने किंवा पंखाच्या मुळाशी जरा जरी पाणी झिरपले तरी ही लोकर ते धरून ठेवते. त्या पिढीच्या अनेक विमानांना आतून गंजरोधक रंग कारखान्यातून दिलेलाच नसे. आम्ही डाव्या दाराच्या वरचा थर ओढला तेव्हा तो ओल्या पोतेऱ्यासारखा जड निघाला आणि खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी साचलेली होती. नखाने खरवडली तर पत्र्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसत होते. सुदैवाने सगळे मर्यादेत होते; साफ करून प्रायमर मारता आला. हे काम कारखान्याचे नव्हे, आमचेच. पण इंटिरियर बदलणाऱ्या प्रत्येकाने आधी उघडे पडलेले विमान आठवडाभर तरी तसेच ठेवून नीट पाहावे, झिरपणारी जागा शोधावी आणि मगच नवे कापड पसंत करायला जावे. कापड आधी पसंत केले की सगळ्यांना झाकायची घाई होते.

कारखान्याशी पहिली गाठ पडली ती आगीच्या मुद्द्यावर. गाडीच्या आतल्या साहित्यासाठी जी चाचणी जगभर प्रमाण मानली जाते तिच्यात नमुना आडवा धरून पेटवतात आणि ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकली नाही तर माल पास होतो. म्हणजे गाडीचे कापड जळले तरी चालते, फक्त सावकाश जळले पाहिजे. माणसाने दार उघडून रस्त्यावर उतरावे एवढा वेळ मिळाला की झाले. विमानात ती सोय नाही. आमचे विमान ज्या जुन्या अमेरिकी नियमांखाली प्रमाणित आहे त्यांत केबिनमधले साहित्य भडका घेणारे नसावे एवढीच अट आहे, पण आज बाजारात विमानासाठी म्हणून विकले जाणारे कापड आणि चामडे बहुतेक वेळा त्याहून कडक कसोटीवर तपासलेले असते: नमुना उभा टांगायचा, खालून बारा सेकंद ज्योत लावायची, ज्योत काढल्यावर तो पंधरा सेकंदांच्या आत विझला पाहिजे, जळालेली लांबी आठ इंचांच्या आत राहिली पाहिजे आणि गळून पडलेले थेंब पाच सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नयेत. मी हीच कसोटी धरायचे ठरवले.

कारखान्याच्या मालकांनी, ज्यांना तिथे सगळे भाऊ म्हणतात, सुरुवातीला त्यांच्याकडचे उत्तमातले उत्तम रेक्झिन समोर टाकले आणि म्हणाले, “साहेब, व्होल्वोला हेच लावतो, दहा वर्षांत तक्रार नाही.” मी एक पट्टी मागून घेतली आणि मागच्या अंगणात लायटरने खालून पेटवून दाखवली. रेक्झिन काळा धूर सोडत वर चढले आणि त्याचे जळते थेंब फरशीवर टपकत राहिले. नंतर मी बरोबर नेलेला चामड्याचा प्रमाणित तुकडा तसाच धरला. कडेला करपला, आकसला आणि ज्योत हटवताच विझला. भाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी उलट विचारले की मग आमचे सोल्यूशन कसे चालेल, कारण सगळे चिकटवायचे तर त्यानेच. हा प्रश्न विचारणारा माणूस कामाला योग्य आहे हे मला तिथेच कळले. कापड पास, फोम पास, पण दोन्ही ज्या चिकटद्रव्याने जोडले त्यामुळे सगळा थर नापास, असे होऊ शकते. म्हणून आम्ही चामडे, फोम आणि चिकटद्रव्य यांचा जोडलेला नमुना बनवून प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल आल्यावरच सीट उघडल्या. या सगळ्या कागदांची जुळवाजुळव मी केली. कारखान्याकडे यातला एकही कागद नसतो आणि तो तयार करण्याची त्यांच्याकडून अपेक्षाही धरू नये. आपल्याकडे अशा कामाची नोंद आणि सही परवानाधारक अभियंत्याचीच लागते. अमेरिकेत सांगाड्याला हात न लावता केलेली आतल्या कापडाची दुरुस्ती परवानाधारक वैमानिक-मालक स्वतः करू शकतो, हे वाचून आमच्या एका मालकांना उगाच उत्साह आला होता.

सीटच्या कामाबद्दल मात्र मला तक्रारीला जागा शोधावी लागते. इथल्या मास्टरांनी जुनी कव्हरे कापून काढली नाहीत. शिवण उसवून, प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक घालून, ते सपाट करून त्यांवरून पुठ्ठ्याचे साचे काढले. पन्नास वर्षांत ताणलेल्या कापडावरून साचा काढला तर नवी सीट ढगळ होते, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून प्रत्येक साचा सीटच्या सांगाड्यावर ठेवून पुन्हा मापला. टाके दुहेरी आहेत, पायपिंग (कडेची गोट) एकसारखी आहे आणि कव्हर खालून पक्कडीने दाबायच्या रिंगांऐवजी चेनने बंद होते. ही चेन माझी सूचना, पण ती कुठे लपवायची हे त्यांचे कौशल्य. पुढच्या सीटचे कव्हर आता कुठलेही हत्यार न घेता निघते, आणि धुळीच्या पट्टीवर उतरणाऱ्या विमानात ही गोष्ट चौकटीदार टाक्यांपेक्षा फार मोलाची आहे.

फोमबाबत थोडे खोलात जाणे आवश्यक आहे. गुबगुबीत सीट म्हणजे चांगली सीट हा समज मोटारीतून आलेला आहे. विमान जोरात आपटले तर मऊ फोम आधी पूर्ण दबतो, तोवर सीटचा सांगाडा थांबलेला असतो आणि माणूस अजून खाली येतच असतो. मग त्याचा कणा एकदम कडक तळावर आदळतो आणि झटका कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून तळाला कडक आणि सावकाश दबणारा फोम, त्यावर मध्यम आणि वर पातळ मऊ थर अशी रचना करतात. आज गाद्यांच्या जाहिरातींत दिसणारा मेमरी फोम मुळात याच गरजेतून, १९६६ साली नासासाठी विमानाच्या सीटच्या गादीवर काम करताना जन्मला. त्याचा एक दोष असा की तो थंडीत कडक होतो आणि तापलेल्या केबिनमध्ये मऊ पडतो. खानदेशातल्या मे महिन्यात बंद केबिनमध्ये काय होते ते सांगायला नको. त्यामुळे आम्ही तो फक्त खालच्या थरात ठेवला. तीन घनतांचे थर कापून, कडा तिरक्या करून, ओळंब्यात जोडण्याचे काम कारखान्याने सुरेख केले, कारण बसचालकाच्या सीटसाठी ते हेच करत आले आहेत.

एकच जागा अशी होती जिथे मोटारीची सवय नडली असती. मास्टरांनी पुढच्या सीटची पुढची कड चांगली गोल आणि उंच केली, मांडीला आधार मिळावा म्हणून. मोटारीत ते बरोबरच आहे. पण विमानात समोरच्या पॅनलमधून बाहेर येणारा नियंत्रणदांडा (योक) पूर्ण मागे ओढावा लागतो आणि सीट पुढे सरकवून बसलेल्या बुटक्या वैमानिकाची मांडी त्या उंच कडेमुळे वर आली तर दांडा तिला अडतो. विमान उतरताना नाक वर धरायला शेवटचे जे दोन बोटे अंतर लागते, नेमके तेच जाते. आम्ही कच्च्या शिलाईची सीट बसवून, मालकांपैकी सर्वांत कमी उंचीच्या बाईंना त्यात बसवून, दांडा सगळीकडे फिरवून पाहिला आणि कड खाली घेतली. याच वेळी डोळ्यांची उंचीही पाहिली, कारण गादी इंचभर जाड झाली की पुढचे दृश्य आणि छतापासूनचे अंतर दोन्ही बदलतात. कच्च्या शिलाईवर बसवून पाहण्याची ही फेरी कराराच्या वेळीच ठरवून घ्यावी. भाऊंनी तिचे वेगळे पैसे लावले नाहीत, पण त्यांच्या माणसाला खानदेशापर्यंत न्यायची-आणायची सोय आपल्याला करावी लागते. सीटचे पट्टे आणि सीट ज्यांवर सरकते ते रूळ यांना कारखान्याने हात लावायचा नाही हेही आधीच लिहून घ्यावे. सेसनाच्या या रुळांची छिद्रे झिजून सीट ऐन उड्डाणात मागे सरकल्याच्या घटना घडलेल्या आहेत आणि म्हणून दर शंभर तासांनी किंवा वर्षाने त्यांची तपासणी सक्तीची आहे. सीट बाहेर असताना ती करून टाकणे सोयीचे.

दाराची आणि बाजूची पॅनल हा कारखान्याचा कच्चा विषय. त्यांनी पहिल्यांदा सुचवला प्लायवूड, नंतर दुकानांच्या पाट्यांना लावतात तो एसीपीचा पत्रा. एसीपी दिसायला ॲल्युमिनियम असला तरी आतला गाभा सहसा पॉलिथिनचा असतो आणि तो पेटला की पेटतच जातो. शेवटी अर्ध्या मिलिमीटरचा साधा ॲल्युमिनियम पत्रा आम्हीच जुन्या पॅनलवरून कापून, भोके पाडून, कडा घासून दिला आणि त्यांनी फक्त मढवला. मढवण्यात डाव्या दाराच्या हँडलभोवती एक सुरकुती राहिली आहे. ती दोनदा सांगूनही गेली नाही. सांधे मात्र सरळ आहेत, आणि प्रत्येक पॅनल स्क्रूने निघते. त्यामागे आता काचलोकर नाही. पाणी न धरणाऱ्या, चाचणी झालेल्या बंद छिद्रांच्या फोमचे तुकडे आहेत, तेही कडांना न चिकटवता मधोमध बसवलेले, म्हणजे पाणी आले तर खालच्या निचऱ्याच्या भोकांपर्यंत वाहून जाईल. गाड्यांना लावतात ती आवाज मारणारी ब्यूटिलची शीट आम्ही घेतली नाही. तिचे वजन दर चौरस मीटरला सहज तीन किलो होते, आणि दारांचे जुने रबर बदलल्यावर आवाजात जो फरक पडला तो त्या शीटने क्वचितच पडला असता.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. कारखान्याने स्वतःच्या डोक्याने, प्रेमाने म्हणा, समोरच्या पॅनलवर उन्हासाठी टाकायचे एक आच्छादन शिवून भेट दिले. दिसायला छान, राखी रंगाचे, चारही कोपऱ्यांत चुंबकी बटणे. ते जागेवर ठेवताच वरचे होकायंत्र सावकाश वळले आणि भलत्याच दिशेला स्थिर झाले. भाऊंच्या माणसाने ते स्वतः पाहिले, आच्छादन उचलले, ठेवले, पुन्हा उचलले, आणि काही न बोलता बटणे कापून काढली. आता तिथे कापडी पट्ट्या आहेत. फिकट रंग उन्हात पुढच्या काचेवर उमटतो म्हणून ते आच्छादन उड्डाणात काढून ठेवावे लागते. पॅनलचा वरचा भाग आम्ही मुद्दाम काळा आणि निस्तेज ठेवला आहे.

जमिनीवर गालिच्याऐवजी पातळ रबरी चटई आली. इथे मी मालकांचे ऐकले नाही. इंधनाची दिशा बदलायचा खटका दोन सीटांच्या मधे जमिनीवर असतो, आणि जाड गालिचा त्याच्या फिरण्याच्या आड येऊ शकतो. शिवाय जमिनीतली तपासणीची झाकणे गालिच्याखाली गडप होतात. कारखान्याने चटईत झाकणांच्या मापाच्या खिडक्या कापून दिल्या आणि कडा शिवल्या. मागच्या बाजूला सामानाची जागा आहे, तिथे जाळी बांधायच्या कड्या मूळ जागीच ठेवल्या.

वजनाबद्दल एक इशारा, कारण हलके झाले म्हणजे चांगलेच झाले असे सगळे मानतात. आम्ही काढलेली प्रत्येक वस्तू तोलून लिहिली, बसवलेली प्रत्येक वस्तू तोलून लिहिली, आणि विमान साधारण आठ किलोने हलके झाले. पण हे वजन बहुतांशी मागून गेले. सेसना १८२ मुळातच नाकाकडे जड आहे. पुढे दोन माणसे आणि मागे कुणी नाही अशा वेळी ते उतरताना नाकावर बसते आणि पुढच्या चाकाचा धक्का इंजिनमागच्या भिंतीला वाकवतो, हा या मॉडेलचा जुनाच रोग. मागची सीट काढायची सोय आणि मागचे हलके झालेले अस्तर एकत्र आले की तोल आणखी पुढे सरकतो. त्यामुळे नवे वजनपत्रक बनवताना रिकाम्या मागच्या भागाचे गणित वेगळे करून ठेवले आहे, आणि एकटा वैमानिक उडणार असेल तर सामानाच्या जागेत पाण्याचे कॅन बांधायचे असे ठरले आहे. आठ किलो वाचवून पुन्हा वीस किलो पाणी वाहायचे, यावर मालक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

पैशांचे म्हणाल तर मजुरी मोटारीच्या उत्तम चामडी कव्हरांच्या दीडपटीच्या आसपास गेली, जी कामाच्या मानाने कमीच आहे. खरा खर्च प्रमाणित चामडे, फोम आणि चाचण्यांचा. हेच सगळे परदेशातून तयार संच मागवून करता येते, पण जुन्या विमानात दोन दारेही एकसारखी नसतात आणि तयार संच अखेर इथेच कुणाकडून तरी कापून जुळवून घ्यावा लागतो. वेळेच्या बाबतीत कारखाना ढिला आहे. पॅनल ठरल्या तारखेच्या बरेच नंतर मिळाली आणि दर वेळी फोनवर “परवा नक्की” हेच ऐकायला मिळाले. विमान हँगरमध्ये उघडे पडलेले असताना हे खटकते. बिल पक्के मिळते, त्यावर वापरलेल्या मालाचा लॉट क्रमांक लिहून मागितला तर लिहून देतात, पण मागावा लागतो. उरलेले चामडे न मागता परत दिले, आणि पुढे एखादा तुकडा बदलायचा झाला तर म्हणून पुठ्ठ्याचे सगळे साचे विमानाचा क्रमांक घालून भिंतीवर टांगून ठेवले आहेत.

काम द्यायचे असेल तर एप्रिल ते जून हे महिने टाळावेत. त्या दिवसांत शाळांच्या बस दुरुस्तीला रांगेत उभ्या असतात आणि चांगला मास्टर तुमच्या वाट्याला येत नाही. दिवाळीनंतर जावे, सीट सुट्या करून स्वतःच्या गाडीतून न्याव्यात, आणि चामड्याबरोबर दोराही आपलाच प्रमाणित द्यावा. त्यांच्याकडचा दोरा मजबूत असतो, पण तो कशाचा आहे हे त्यांनाही सांगता येत नाही.